आल्सिरा गाडीतून बाहेर पडते

आल्सिरा पेरेत्तीला तुम्ही शर्यतीत पाहिलं नसेल तर रावियोली, म्हणजे सारण भरलेला पास्ता, लाटताना पाहिलं असणार, कारण आमच्या कोलोनिया तोर्कास गावात या दोन जागा सोडून ती तिसरीकडे फारशी सापडायची नाही. चर्चमध्येसुद्धा ती मागच्या बाकावर बसायची आणि पाद्रीबाबांचं बोलणं लांबलं की सरळ उठून जायची, का तर पीठ सुकतंय. तिचं ताज्या पास्त्याचं दुकान माझ्या हार्डवेअरच्या दुकानासमोर. मधे रस्ता आणि बकाणाची चार झाडं, बस्स.

मी एल्विओ. आठवडाभर खिळे, नळ आणि रंग विकतो, आणि शर्यतीच्या रविवारी क्लबच्या मातीच्या ट्रॅकवर लाकडी मनोऱ्यात बसून लाउडस्पीकरवर बोलतो. कोण पुढे, कोण मागे, कोणाची गाडी धूर सोडतेय, आणि मधूनमधून चोरीपानची आठवण करून देणं, कारण पावातल्या त्या सॉसेजवरच क्लबचा खर्च निघतो. म्हणून आल्सिराची गोष्ट मी दुकानाच्या दारातून पाहिली आहे आणि मनोऱ्यावरूनही.

तिचा नवरा ओस्मार मेकॅनिक. इंजिनावर नुसता तळहात ठेवून कुठे दुखतंय ते सांगणारा माणूस, पण स्वतः वेगाने जाणाऱ्या गाडीत बसला की त्याला ओकारी येते. तरुणपणी त्याने मेव्हण्यासाठी एक फियाट सहाशे शर्यतीला तयार केली होती. आमच्याकडे त्या गोल बुटक्या गाडीला सगळे लाडाने फितितो म्हणतात. मेव्हण्याला सैन्यातून बोलावणं आलं, तो वर्षभरासाठी गेला. इंजिन बसून राहू नये म्हणून आल्सिरा ती गाडी रोज संध्याकाळी रानातल्या रस्त्यावर फिरवून आणायला लागली. मेव्हणा परत आला तेव्हा त्याला त्याची खोली मिळाली, सायकल मिळाली, गाडी काही मिळाली नाही.

तेव्हापासून ती शर्यतीत. रविवारी सकाळी आख्खं गाव तिच्याकडून जेवणासाठी रावियोली न्यायचं, दुपारी ती दुकानाला कुलूप लावायची, केसांतलं पीठ न झटकताच हेल्मेट घालायची आणि त्याच गावातल्या पुरुषांना मागे टाकायची. सगळ्यात जास्त भोगलं ते रोहेलिओ स्तोरानीने. रोहेलिओ डुकरं पाळतो, अंगाने दारात मावत नाही, आणि वीस-पंचवीस वर्षं तो आल्सिराच्या गाडीचा मागचा दिवा बघत आलेला. दोघं ट्रॅकवर एकमेकांना घासायचे, शर्यतीनंतर एकमेकांची आई-आजी काढायचे, आणि पुढच्या रविवारी तो पुन्हा तिच्याच दुकानात रांगेत उभा. तरुण पोरं नव्या गाड्या घेऊन आली तेव्हा क्लबने जुन्या गाड्यांची वेगळी शर्यत सुरू केली, आणि हे दोघं तिथेही भांडत राहिले.

मग एका सकाळी लाटणं हातातून पडलं. मी रस्त्यापलीकडून आवाज ऐकला. धावत गेलो तर आल्सिरा टेबलाला टेकून जमिनीवर बसलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि आपल्या उजव्या हाताकडे अशी बघतेय की जणू तो कोणीतरी दुकानात विसरून गेलाय. पक्षाघात. जिल्ह्याच्या इस्पितळातल्या लोकांनी धावपळ करून तिला वाचवलं. पण उजवा हात मिटला तो मिटलाच, उजवा पाय लाकडासारखा झाला, आणि शब्द गेले.

सगळे गेले नाहीत. एक राहिला, आणि तोही काहीच्या काही: मंगळवार. पाणी हवं असलं तरी मंगळवार, खिडकी लाव म्हणायचं असलं तरी मंगळवार. ओस्मार म्हणायचा की लग्नाला तीस वर्षं झालेल्या माणसाला सूर कळला की पुरतं, शब्द कशाला हवा. पहिला आठवडा आम्ही सगळे रडवेले होतो. दुसऱ्या आठवड्यात सुई टोचताना नर्सचा हात चुकला आणि आल्सिराच्या तोंडून एक सणसणीत लांबलचक शिवी बाहेर पडली, स्वच्छ, एकही अक्षर न अडखळता. नर्स रागवायच्या ऐवजी डॉक्टरांना बोलवायला पळाली. त्यांनी समजावून सांगितलं की बोलण्याची जागा दुखावली तरी शिव्या, गाणी, प्रार्थना कधी कधी शाबूत राहतात, त्या डोक्यात वेगळ्या कप्प्यात असतात. ओस्मार म्हणाला, प्रार्थनेचा कप्पा तिच्याकडे बहुतेक नव्हताच.

वर्षभरात ती काठी घेऊन चालायला लागली. गुडघ्याखाली पट्ट्यांचा आधार बांधायचा, पाय थोडा फरफटायचा. एका हाताने पीठ मळायला शिकली. शब्द एकेक करून परत येत होते, पण सावकाश, आणि चुकीच्या क्रमाने. गाव तिच्याशी फार चांगलं वागलं. इतकं चांगलं की बघवत नव्हतं. जी बाई पूर्वी रावियोली फाटली म्हणून तिच्याशी हुज्जत घालायची ती आता फाटलेली घेऊन जायची आणि वर तिच्या गालाचा मुका घ्यायची. सगळे तिच्याशी हळू, मोठ्याने आणि लहान मुलाशी बोलावं तसं बोलायचे. आल्सिरा मान हलवायची आणि भिंतीकडे बघत बसायची.

गाडी शेडमध्ये ताडपत्रीखाली होती. ओस्मारला वाटलं की ती नजरेसमोर नसलेली बरी. त्याने बायकोला न विचारता ती रोहेलिओला विकायचा शब्द दिला, आणि एका रविवारी दुपारच्या जेवणाआधी रोहेलिओ ट्रेलर घेऊन हजर झाला. दोघं पुरुष शेडजवळ उभे राहून टायरांविषयी बोलत होते. इतक्यात आल्सिरा स्वयंपाकघरातून काठी टेकत आली, दोघांच्या मधून गेली, डाव्या हाताने ताडपत्री ओढली, गाडीत पाठमोरी बसली, उजवा पाय हाताने उचलून आत घेतला आणि स्टिअरिंग धरून समोर बघायला लागली.

"आल्सिरा, उतर," ओस्मार म्हणाला.

"मंगळवार."

"अगं, तो इतक्या लांबून आलाय. मी शब्द दिलाय त्याला."

यावर तिने जे उत्तर दिलं ते त्या वेगळ्या कप्प्यातलं होतं. त्यात ओस्मार होता, ओस्मारचा शब्द होता आणि ट्रेलरही होता.

रोहेलिओने गाडीच्या टपावर कोपर टेकलं. "ओस्मार, मी गाडी घ्यायला आलो होतो. तिच्यात बाई आहे हे तू बोलला नव्हतास. बाईसकट मला परवडायची नाही." आणि तो रिकामा ट्रेलर घेऊन गेला. जाताना रावियोलीचा डबा मात्र घेऊन गेला.

तो गेल्यावर ओस्मारने बराच वेळ वाट पाहिली. जेवण निवतंय म्हणाला. चुकलं माझं म्हणाला. आल्सिरा काही उतरेना. शेवटी त्याने वाकून आत पाहिलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, घाम होता. ती हट्टाने बसली होती हे खरं, पण आता तिला उतरताच येत नव्हतं. सीट खाली, पाय आत अडकलेला, धरायला काही नाही. ओस्मारने मला हाक मारली. मी काखेतून धरलं, त्याने पाय धरले, आणि आम्ही तिला बाहेर ओढत असताना तिला हसू फुटलं. एका बाजूने वाकडं, मोठ्याने, थांबता थांबेना असं. आजारपणानंतर मी तिला पहिल्यांदा हसताना ऐकलं. ओस्मारही हसत सुटला, आणि आम्ही तिघं शेडच्या जमिनीवर बसून राहिलो. जेवण खरंच निवलं.

दुसऱ्या दिवशी तिने ओस्मारला गाडीपाशी नेलं. आपला डावा पाय आपटून दाखवला, मग पेडलांकडे बोट दाखवलं. डावा हात वर करून दाखवला, मग स्टिअरिंगकडे बोट. ओस्मारने डोकं खाजवलं आणि माझ्या दुकानात येऊन लोखंडी पट्ट्या मागितल्या.

मुलगी मारीसोल कोर्दोबाला नर्स आहे. तिला कळलं तेव्हा तिने फोनवर बापाला फाडून खाल्लं. आई मरता मरता वाचली, तुम्हाला दोघांना खेळ सुचतोय का, असं बरंच काही. ती बिचारी चुकीचं बोलत नव्हती. ओस्मारने फोन बायकोच्या कानाला लावला. आल्सिराने सगळं ऐकून घेतलं आणि मग इतक्या महिन्यांतलं सगळ्यात लांब वाक्य बोलली. एकेक शब्द शोधत, मधे थांबत.

"दुकानात... सगळे... हळू. माझ्याशी हळू. ट्रॅकवर... कोण हळू?"

मग मारीसोल म्हणाली की शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरांनी हो म्हटलं तरच, आणि ती स्वतः सोबत येणार. डॉक्टरांनी डोळे तपासले, रक्तदाब पाहिला, तारा लावून डोक्यातली वीज मोजली. फिट येण्याचं लक्षण नव्हतं, नजर दोन्ही बाजूंना साफ होती. ते म्हणाले, बदल केलेली गाडी चालवायला माझी हरकत नाही, शर्यतीचं मात्र शर्यतीच्या संघाचे डॉक्टर ठरवतील.

ओस्मारने गाडी नवीनच केली म्हणा. क्लचचं पेडल काढून टाकलं आणि त्याचा दांडा दाराच्या बाजूला, डाव्या हाताशी आणला. ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही डाव्या पायाखाली. उजवा पाय चुकून मधे येऊ नये म्हणून पत्र्याचा आडोसा. स्टिअरिंगवर जुन्या ट्रॅक्टरची फिरती मूठ, म्हणजे एका हाताने चाक गरगरा फिरवता येईल. गिअर बदलायला हात उरत नव्हता, तर त्याने ठरवलं की तिसऱ्यावरच निघायचं आणि तिसऱ्यावरच राहायचं. आमच्याकडे शर्यत उभ्याने सुरू होत नाही, सगळ्या गाड्या पिकअपच्या मागून एक फेरी हळू मारतात आणि मग झेंडा पडतो, तेव्हा सुरुवातीला चार जणांनी ढकललं की काम भागत होतं.

पहिल्या दिवशी रानातल्या रस्त्यावर ओस्मार तिच्या शेजारी एक क्रेट उलटं घालून बसला. तीस वर्षं डाव्या पायाला क्लच दाबायची सवय, आणि क्लच कसा, तर एकदम तळापर्यंत. वळण आलं, पायाने आपली जुनी नोकरी केली, तळापर्यंत दाबलं, पण आता तिथे ब्रेक होता. ओस्मारचं नाक काचेवर आपटलं. पुढच्या वेळी तिने घाबरून दुसरं पेडल दाबलं आणि दोघं तारेच्या कुंपणातून कापणी झालेल्या सोयाबीनच्या रानात गेले. गाडी थांबली तेव्हा ओस्मार उतरून कुंपणाला धरून ओकला आणि ती आत बसून टाळ्या वाजवल्यासारखी डाव्या हाताने दार बडवत होती. महिन्याभरात पाय शिकला. ओस्मारला मात्र क्रेटवरून सुट्टी मिळाली, त्याच्या जागी वाळूची पोती बसली.

मग आल्या शर्यतीच्या संघाच्या डॉक्टर बेनावीदेस. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला कडक, प्रांतातल्या सगळ्या मातीच्या ट्रॅकांवर जळालेले-मोडलेले लोक पाहिलेल्या. त्यांनी चालवणं पाहिलं आणि मान डोलावली. मग गाडी उभी करून, पट्टे बांधून, हातात घड्याळ घेतलं. नियम सगळ्यांना एकच: स्वतःहून पंधरा सेकंदांत बाहेर.

आल्सिराने पट्टा सोडला, दार उघडलं, डावा पाय बाहेर टाकला, उभी राहायला गेली आणि उजव्या पायाचा आधार पत्र्यात अडकला. तिने ओढलं, तो आणखी अडकला. पंधरा सेकंद कधीच उलटून गेले. ओस्मार पुढे झाला तसं डॉक्टरांनी त्याला हाताने अडवलं आणि स्वतः वाकून पाय सोडवला.

"डोन्या आल्सिरा, मी तुम्हाला गंमत म्हणून नकार देत नाही," त्या म्हणाल्या. "गाडी पेटली तर मी धावत येईन. पण मी जाडी आहे, मला वेळ लागेल. तोवर तुम्ही बाहेर पाहिजेत. मला फक्त तुम्ही बाहेर पाहिजेत, बाकी काही नको."

वसंतात पुन्हा येईन, असं सांगून त्या गेल्या.

त्या हिवाळ्यात आमच्या रस्त्यावर जी करमणूक झाली ती क्लबने तिकीट लावून दाखवावी अशी होती. रोज दुपारची झोप झाली की ओस्मार फितितो ढकलत दुकानासमोर आणायचा. आल्सिरा बसायची. मी शिट्टी वाजवायचो. ती बाहेर पडायची, किंवा पडायची नाही. दक्षिणेचा गार वारा सुटलेला असायचा, तरी लोक घरून खुर्च्या आणि माते नावाच्या कडवट चहासाठी गरम पाणी घेऊन बकाणाखाली बसायचे. चहाचा तुंबा या हातातून त्या हातात फिरायचा आणि सल्लेही. कोणी म्हणे टपाला दोर बांधा. कोणी म्हणे सीट फिरती करा, न्हाव्याच्या खुर्चीसारखी. पाद्रीबाबांनीही एक युक्ती सांगितली, ती इतकी वाईट होती की आम्ही आदराने ऐकून घेतली. रोहेलिओ पिकअपला टेकून उभा राहायचा आणि दर वेळी तेच म्हणायचा, "माझ्या डुकरिणी याहून लवकर उतरतात." त्यावर त्याला जे ऐकावं लागायचं त्यासाठीच तो रोज येत असावा, असं मला वाटतं.

आमची सगळ्यांची चूक एकच होती. आम्ही तिला उभी करायला बघत होतो. पाय कसा टाकावा, तोल कसा सांभाळावा, काठी कुठे ठेवावी. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या होत्या ते आम्ही ऐकलं होतं, पण मनावर घेतलं होतं ते फक्त आल्सिराने. एका दुपारी शिट्टी वाजली तशी तिने दार ढकललं, अंग फिरवून रस्त्याकडे पाठ केली, डाव्या हाताने टपाखालची सळई पकडली, स्वतःला उंबऱ्यावर ओढून घेतलं आणि हात सोडून दिला. धप्पकन पाठीवर रस्त्यात. पाय मागाहून आपले आपण आले, पट्ट्यांचा आधारसुद्धा, कारण आता तो सरळ रेषेत निघत होता.

सगळे उठून उभे राहिले. ओस्मारचा चेहरा पांढरा पडला. ती रस्त्यात उताणी पडून बकाणाच्या फांद्यांकडे बघत होती.

"बाहेर," ती म्हणाली.

मी हातातल्या घड्याळाकडे बघायलाच विसरलो होतो. पुन्हा करायला लावलं. या वेळी कोणीतरी घरातली गादी आणून टाकली. पंधरा सेकंदांची गरजच उरली नव्हती, निम्म्यात काम झालं होतं. त्या दिवसापासून हिवाळा संपेपर्यंत तिने रोज पडून पडून पाठ निबर करून घेतली, आधी गादीवर, मग गोणपाटावर, मग नुसत्या मातीवर. मारीसोल सुट्टीत आली तेव्हा तिने आईला मान छातीशी घेऊन पडायला शिकवलं, म्हणजे डोकं आपटणार नाही. विरोध करायचा राहून गेला तो गेलाच.

डॉक्टर बेनावीदेस पुन्हा आल्या, घड्याळ काढलं, आणि डोन्या आल्सिरा त्यांच्या बुटांपाशी येऊन पडल्या. डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं, खाली पाहिलं, आणि विचारलं की कुठे लागलं का. आल्सिराने मान हलवून नाही म्हटलं. "मग मीही पुढे दोन शर्यतवाल्यांना असंच पडायला सांगणार आहे," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांचे चारही हातपाय धड आहेत आणि तरी वेळेत निघत नाहीत." दर शर्यतीआधी रक्तदाब मोजायचा, ही एकच अट त्यांनी घातली.

सप्टेंबर संपताना, म्हणजे आमच्याकडे वसंत लागताच, तिची शर्यत आली. आदल्या दिवशी पाण्याचा टँकर फिरून माती दबून गेली होती, ट्रॅक काळाभोर आणि घट्ट होता. माणसं तर गावाच्या रक्षक संताच्या जत्रेला येत नाहीत इतकी. सुरुवातीच्या आधी जुन्या गाड्यांचे चालक एकेक करून तिला भेटून गेले. सांभाळून जा, आम्ही जागा देऊ, काळजी करू नकोस. ती मान हलवत होती आणि तिचा चेहरा पुन्हा भिंतीकडे बघतानासारखा व्हायला लागला होता. सगळ्यात शेवटी रोहेलिओ आला. खिडकीत वाकला.

"मी जागा देणार नाही," तो म्हणाला. "पुढे दिसलीस तर मागून ठोकीन."

आल्सिराचा चेहरा असा उजळला की ओस्मारला मत्सर वाटावा.

पहिल्यांदाच म्हणून पंचांनी तिला सगळ्यात मागे ठेवलं. झेंडा पडला. तिसऱ्या गिअरवर गाडीला जोर धरायला वेळ लागत होता, पहिल्या दोन फेऱ्या ती एकटीच मागे राहिली, आणि मनोऱ्यावरून मी नुसती चोरीपानची आठवण करून देत राहिलो. आमचा ट्रॅक अंड्यासारखा, सगळी वळणं डावीकडे. तिसऱ्या फेरीला ती वळणात शिरली आणि तिने पाय उचललाच नाही. गाडीचा मागचा भाग बाहेर सुटला, मूठ तिच्या तळहातात गर्रकन फिरली, पुढची चाकं उलटीकडे वळली, आणि फितितो आडवी होऊन, माती उडवत, वळणभर घसरत गेली, पूर्वी जायची अगदी तशी. उभ्या प्रेक्षकांतून जो आवाज उठला त्यात माझा लाउडस्पीकर बुडाला. गिअर बदलायचा नाही तर वेग सोडायचाच नाही, असा तिने हिशेब लावला होता. दुसरे वळणापाशी गिअर खाली आणत होते, ही तशीच आत घुसत होती. एकाला मागे टाकलं, मग दोघांना. ज्यांनी जागा देऊ म्हटलं होतं त्यांना आता ती द्यायची इच्छा उरली नव्हती, पण आल्सिरा ती घेतच होती.

शेवटच्या फेरीत तिच्यापुढे रोहेलिओ. तो बोलल्याप्रमाणे वागला. आत येऊ देईना, बाहेर जाऊ देईना. शेवटच्या वळणात तिने नाक आत घातलं, त्याने दार लावलं, म्हणजे गाडी आत वळवून तिची वाट बंद केली, आणि तिने ब्रेक मारला नाही. तिचा बंपर त्याच्या मागच्या चाकाजवळ लागला, रोहेलिओची गाडी भोवऱ्यासारखी फिरली आणि गवताच्या भाऱ्यांत जाऊन बसली. आल्सिराने सहाव्या क्रमांकाने रेषा ओलांडली.

मी मनोऱ्यावरून खाली पळालो. रोहेलिओ हेल्मेट हातात घेऊन, केसांत गवत, लालबुंद होऊन तिच्या गाडीकडे चालत येत होता. त्याने टपावर मूठ आपटली आणि तोंड सोडलं. हे काय चालवणं झालं, डोळे आहेत की बटणं, तुझ्या आईने तुला नांगरावर बसवायला हवं होतं. तो हळू बोलत नव्हता. एकेक शब्द सोपा करून सांगत नव्हता. आणि आल्सिरा खिडकीतून त्याला तशीच्या तशी परतफेड करत होती, न अडखळता, त्याच्या डुकरांपासून पणज्यापर्यंत कोणालाही न सोडता, आणि मधे मधे, मला वाटतं पहिल्यांदाच, साधे शब्दही तिथे येऊन बसत होते. "दार तू लावलंस," ती म्हणाली. "आधी तू लावलंस." पूर्ण वाक्य. मारीसोल माझ्या बाजूला उभी होती. तिने माझा दंड घट्ट धरला.

मग पंच आले. गंभीर चेहऱ्याने त्यांनी सांगितलं की मागून धडक दिल्याबद्दल आल्सिरा पेरेत्तीला दंड, क्रमांक सहावरून थेट शेवटचा. मग ओस्मारच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. तो पंचांकडे गेला आणि त्यांना पुन्हा एकदा लाउडस्पीकरवर सांगायला लावलं, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. दंड माझ्या बायकोला झाला, असं तो दिसेल त्याला सांगत फिरला. आल्सिरा पंचांशी भांडली. जिंकली नाही.

संध्याकाळी क्लबच्या अंगणात निखाऱ्यांवर असादोचं मांस भाजत होतं. रोहेलिओ फुगून दुसऱ्या टेबलावर बसला होता. आल्सिरा काठी टेकत गेली, त्याच्या समोर बसली आणि आपली थाळी त्याच्याकडे सरकवली. एका हाताने मांस कापता येत नाही. त्याने सुरी उचलून थाळीतलं मांस कापून दिलं, तुकडे मोठाले आणि वेडेवाकडे. तिने एक उचलून पाहिला आणि म्हणाली, "डुकराचा... कसाई." त्याने थाळी परत ओढून ते पुन्हा बारीक केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तेव्हा समोर रांग लागलेली होती. रावियोली अजून लाटलेलीच नव्हती. आल्सिराने टेबलावर पीठ पसरलं होतं, त्यात बोटाने ट्रॅक काढला होता आणि गाड्यांच्या जागी अक्रोड ठेवले होते. ती शेवटचं वळण सांगत होती. शब्द सापडला नाही की अक्रोड पुढे सरकत होता. रावियोली फाटली म्हणून भांडणारी ती बाई पुढे सरसावून, एक अक्रोड उचलून म्हणाली की तिने स्वतः पाहिलंय, चूक आल्सिराचीच होती. आल्सिराने तिच्या हातातला अक्रोड काढून घेतला आणि वळण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.